मऊ धातूचें अस्तर

रेणापूर तालुक्यांतील ‘रेणा’ सहकारी साखर कारखान्यासारख्या ठिकाणीं गळिताचा हंगाम एकदां सुरू झाला, कीं यंत्रांना उसंत नसते. तोडलेला ऊस जितका वेळ गाडींत उभा राहील, तितकी त्यांतील साखर घटत जाते. अशा कारखान्यांत चिपाडें जाळून वाफ करतात व त्या वाफेवर टर्बाइन चालतें. मिनिटाला हजारों फेरे घेणारा त्याचा पोलादी दांडा कशावर टेकलेला असतो? पोलादाहूनही कणखर अशा कशावर असावा, असें कोणासही वाटेल. वस्तुतः त्याच्या बेअरिंगला आंतून अस्तर असतें तें बहुधा कथलाचें!

पितळी भांड्याला कल्हई करतात, तेंच हें कथील. सोनारकाम शिकलेल्या आयझॅक बॅबिट ह्या अमेरिकन गृहस्थानें १८३९ सालीं अशा बेअरिंगचें पेटंट मिळविलें. शंभर भागांत ऐंशी ते नव्वद भाग कथील, बाकीचें अँटिमनी व तांबें. रस निवूं लागला म्हणजे तांबें व कथील मिळून झालेल्या सुया आधीं गोठतात आणि अँटिमनीच्या कठीण चौकोनी स्फटिकांना आपल्या जाळ्यांत धरून ठेवतात. एरव्हीं ते हलके स्फटिक वर तरंगले असते.

गंमत अशी, कीं वेगांत असलेला दांडा ह्या अस्तराला शिवतच नाहीं. इंग्लंडांत बीचम टॉवर ह्यानें १८८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बेअरिंगला वरून पाडलेल्या भोकांतून तेल उसळूं लागलें. त्यांत लांकडी खुंटी ठोकली, तर तीही तेलानें बाहेर ढकलली. दांडा तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत असतो.

मग अस्तराचें काम काय? यंत्र सुरू होतांना व थांबतांना हा पापुद्रा नसतो. कधीं तेलांतून कचकडीसारखा खडा येतो, तो मऊ धातूंत रुततो. तेल अजिबात तुटलें, तर सुमारें २४० अंश सेंटिग्रेडला अस्तरच वितळूं लागतें. दांडा मात्र बहुधा वांचतो, आणि तोच महाग. दांडा खरवडला गेला, तर गाड्यांची रांग किती दिवस उभी राहील?

अस्तर पुन्हां ओततां येतें. कवच स्वच्छ करून त्याला आधीं कल्हईच करतात, मग रस ओततात व कातून, खरवडून दांड्याशीं जुळवितात. तें नीट चिकटलें कीं नाहीं हें पाहण्याची जुनी रीत सोपी आहे. बेअरिंग रॉकेलांत बुडवून पुसतात व सांध्यावर खडूची पूड लावतात. पुडीवर ओला डाग उमटला, कीं सगळें अस्तर वितळवून पुन्हां ओतावें लागतें.