मनगटावरचं घड्याळ आणि दुधी भोपळा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत पिठाची गिरणी चालवणाऱ्या आपल्या एका सदस्य ताईंनी केलेलं बोलणं. त्या बोलल्या तसंच उतरवून घेतलं आहे.)

आज मला उभं केलंय ते या हातातल्या घड्याळामुळं. मागच्या सभेत चार-पाच जणींनी विचारलं, "तुझं स्मार्ट घड्याळ आता जुनं झालं, नवीन कधी घेतेस? आणि आम्ही घ्यावं का?" मी म्हटलं, पुढच्या महिन्यात सांगते, आधी हिशेब करू द्या. तो करून आलेय.

माझं घड्याळ तीन वर्षांचं आहे. पुतण्यानं १८०० रुपयांना मागवून दिलं. तेव्हा मला वाटलं होतं, हे कॉलेजच्या पोरांचं खूळ. पण गिरणीत त्याचा मला खरंच उपयोग झाला. पट्टा चालू असला की फोनची रिंग ऐकू येत नाही. आधी दिवसाला पाच-सहा फोन चुकायचे, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "बाई फोनच उचलत नाही." आता मनगटाला थरथर झाली की कळतं. हात पिठाचे असले तरी नाव दिसतं. महत्त्वाचा फोन असला तरच हात पुसायचे.

शिवणकाम करणाऱ्यांना, शेवयाच्या मशीनवर बसणाऱ्यांना हाच उपयोग होईल. पहाटे साडेचारला मोटर चालू करायची असली तर गजर फक्त माझ्या हाताला होतो, पोरं उठत नाहीत. दळणाच्या डब्यांमागं फोन हरवला तर घड्याळावरून तो वाजवता येतो. आणि गटाच्या बैठकीचा फोटो! आधी फोटो काढणारी कायम फोटोच्या बाहेर. आता फोन खिडकीत ठेवायचा, ओळीत उभं राहायचं आणि घड्याळावरचं बटण दाबायचं. सचिव तीन वर्षांत पहिल्यांदा फोटोत आली.

आता फसगत कुठं होते ते सांगते. "घड्याळावरून बोलता येतं" अशी जाहिरात असते. बोलता येतं, पण फोन जवळ असला तर. साधारण दहा मीटरच्या आत. तुम्ही फोन बांधावरच्या पिशवीत ठेवून खुरपायला पार त्या टोकाला गेलात, की घड्याळाचा आणि फोनचा संबंध तुटला. सिमवर चालणारी घड्याळं वेगळी, ती बरीच महाग.

पावलांचंही तसंच. घड्याळ हाताच्या हालचालीवरून पावलं मोजतं. मी भाकरी थापायला बसले की पावलं वाढतात! आणि डोक्यावर हंडा, एक हात त्याला धरलेला, अशी अर्धा मैल चालून आले तर ती कमी धरतात. रोज दहा हजार पावलं चालायलाच पाहिजेत असं म्हणतात ना, तो आकडा काही डॉक्टरांनी शोधलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. तिथून तो जगभर गेला. आपल्या बाया दिवसभर उभ्या असतात, त्यांनी त्या आकड्याचं ओझं घेऊ नये.

आणि एक. बँकेचा ओटीपीसुद्धा घड्याळावर दिसतो. बाजारात, एसटीत शेजारी बसलेला वाचू शकतो. मोबाईलमधल्या घड्याळाच्या ॲपात जाऊन मेसेज दाखवणं बंद करता येतं. पोरांकडून आजच करून घ्या.

आता मुख्य गोष्ट. ही सांगायला जाऊबाईंची परवानगी घेतलीय, त्या समोरच बसल्यात.

जाऊबाईंना बीपीचा त्रास आहे. उपकेंद्रातून गोळी मिळते, रोज एक. गेल्या दिवाळीला लेकानं त्यांना घड्याळ घेऊन दिलं. त्यात बीपी दिसतो. रोज सकाळी बघायच्या, १२०, कधी ११८. त्या म्हणाल्या, "बरं झालंय की आता, गोळी कशाला?" दोन महिने गोळी बंद. आम्हाला कुणालाच सांगितलं नाही. मग एक दिवस कांदा काढताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि खाली बसल्या. उपकेंद्रात नेलं, सिस्टरनी दंडाला पट्टा बांधून मोजलं तर १८२ आणि खाली ११०. घड्याळात त्याच वेळी १२१! डॉक्टर म्हणाले, अजून थोडं थांबला असता तर अर्धांगवायू झाला असता.

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी त्यांचं घड्याळ घेतलं आणि चुलीशेजारी पडलेल्या दुधी भोपळ्याला बांधलं. बटण दाबलं. अर्ध्या मिनिटात भोपळ्याचा बीपी आला, ११८ आणि ७६. नाडीसुद्धा आली, ७२. हसू नका, त्या आकड्यावर आमच्या घरातली बाई दोन महिने राहिली होती.

असं का होतं ते मी सिस्टरना विचारलं. घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा लुकलुकतो, बघितलाय ना? रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोक्याबरोबर रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश कमी होतो, त्यावरून ठोके मोजतात. नाडीपुरतं ते बरंच जमतं. पण बीपी म्हणजे दाब. दंडाचा पट्टा फुगून शीर दाबतो आणि सोडताना मोजतो. घड्याळ काही दाबत नाही, ते अंदाज करतं. पाइपातून पाणी वाहतंय हे डोळ्याला दिसतं, पण प्रेशर किती ते नुसतं बघून कसं कळणार? सॅमसंगची महागडी घड्याळं बीपी दाखवतात, तर ती कंपनीच सांगते की दर चार आठवड्यांनी पट्ट्याच्या मशीनशी आकडा जुळवून घ्या. मग दोन हजारांच्या घड्याळाचं काय सांगावं! साखरेचं तर आणखी वाईट. सुई न टोचता साखर दाखवणारं घड्याळ वापरू नका, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना बजावलं. अशा एकाही घड्याळाला त्यांनी मंजुरी दिलेली नव्हती.

नाडीसाठीसुद्धा घड्याळ हाडाच्या थोडं वर, घट्ट बसलं पाहिजे. बांगड्यांच्या मधे लोंबत असलं की चुकतं. मनगटावर गोंदण असलं तरी प्रकाश अडतो, म्हणून सासूबाईंच्या उजव्या हाताला काहीच येत नाही.

आता नवीन घ्यायचं का? मी बघितलेलं ५००० रुपयांचं आहे. पडदा मोठा, रंग छान, बोलता येतं. पण पाठीला तोच हिरवा दिवा. माझ्या घड्याळाची बॅटरी आधी पाच दिवस जायची, आता दोन दिवस जाते. पट्टा तुटला होता, तो १५० रुपयांत बदलला. मागं लिहिलेलं मिलिमीटरचं माप बघून घेतला की बसतो. म्हणजे माझं काम अडलेलं नाही. बॅटरी एक दिवसही जाईना झाली किंवा नव्या फोनला जोडलं जाईना, तेव्हा बघू.

गटातून कर्ज काढून घ्यायचं म्हणणाऱ्यांनी ऐका. आमच्या गटात महिना २ टक्के. ५००० चे दहा हप्ते केले तर व्याज ५५० रुपये. घड्याळ पडलं मोरीत तरी हप्ता चालूच. आणि ते पाण्यात चालतं म्हणतात, ते साध्या पाण्यात. साबणाचं, गरम पाणी त्याला सोसत नाही. धुणं धुताना काढून ठेवा.

दंडाला बांधायचं बीपीचं मशीन दीड-दोन हजारांत येतं. माझं म्हणणं आहे, ग्रामसंघानं एक घ्यावं. गावात पन्नाशीच्या पुढच्या किती जणी गोळ्या घेतात, हात वर करा बघू... बघितलं ना?

जाऊबाईंनी घड्याळ टाकलेलं नाही. रात्री आठला ते थरथरतं आणि त्या गोळी घेतात. बीपीचा पडदा मात्र आम्ही सेटिंगमधून काढून टाकला.

पुढच्या सभेला ज्यांच्याकडं घड्याळ असेल त्यांनी घालून या. सिस्टर मशीन घेऊन येणार आहेत. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, मग घड्याळाचा आणि मशीनचा असे दोन्ही आकडे वहीत लिहायचे. सकाळची गोळी असेल त्यांनी ती घेऊनच या. चहा मात्र मोजून झाल्यावर मिळेल.