पेन्सिल घेऊन वाचा



गणितात पुढं जायचं तर काय वाचावं, हे सांगायला मला बोलावलंय. पण पहिल्या रांगेत आमचे सर दिसले आणि मन थेट आपल्या वाचनालयात गेलं. तिथंच सरांनी मला जॉर्ज पोल्याचं ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ दिलं. १९४५चं पुस्तक, आजही तितकंच ताजं. सोबत एक कोरी वही दिली आणि बजावलं, ही भरल्याशिवाय पुस्तक परत आणायचं नाही. ग्रंथपाल मॅडम, तुम्ही मुदत वाढवून देत राहिलात, म्हणून ती वही भरली!

मुलांनो, माझा आग्रह एवढाच: हातात पेन्सिल नसेल तर गणिताचं पुस्तक उघडू नका. मोबाइलवर कुणी सोडवलेलं गणित पाहिलं की आपल्याला आलंसं वाटतं. येत नाही. स्वतः अडकावं लागतं.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर आकडेमोड करत बसायचे. त्यांना सापडलेली एक गंमत करून बघा. कार्यक्रमपत्रिकेच्या मागं लिहा: ३५२४. अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या, वजा करा. ५४३२ वजा २३४५, ३०८७. पुन्हा तेच: ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा: ८५३२ वजा २३५८, ६१७४. आता ६१७४वर करून बघा, तिथंच राहता. चारही अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फार तर सात पायऱ्यांत इथंच पोहोचते. का, ते घरी शोधा.

 

पुढं संशोधनाला लागाल तेव्हा गणितज्ञ लिटलवुडचे लेख जरूर वाचा. आठवड्यातून एक दिवस काम पूर्ण बंद ठेवा, असं तो बजावतो. त्याचा गणितातला जोडीदार हार्डी सकाळी चारेक तास गणित करायचा आणि क्रिकेटसाठी जीव टाकायचा. विसावाही कामाचाच भाग असतो. म्हणून पालकांनो, मूल वही पुढ्यात घेऊन खिडकीबाहेर बघत बसलं तर लगेच हाक मारू नका. त्याचं काम चालू असेल.

आणि प्राचार्य महोदय, वाचनालय संध्याकाळी लवकर बंद होतं असं मुलं सांगत होती. ते रात्री नऊपर्यंत उघडं ठेवा. दिव्यांचा खर्च आम्ही माजी विद्यार्थी उचलू.