दोर कुणाच्या हातात?

आजचा विषय असा आहे की त्यावर ग्रुपमध्ये सहसा कुणी बोलत नाही. इन्स्टावर किंवा व्हॉट्सॲपवर ओळख झालेल्या माणसाबरोबर कातळ चढायला जायचं का? आणि गेलो, तर आपला दोर त्याच्या हातात द्यायचा की नाही, हे ठरवायचं कसं?

मी पेणची. रोह्याजवळच्या अवचितगडावर जाऊया म्हटलं की माझ्या दहा मैत्रिणी तयार होतात. पण हार्नेस घालून कातळ चढूया म्हटलं की ग्रुप एकदम शांत. बेसिक कोर्समध्ये माझ्याबरोबर जे शिकले, ते सगळे मुंबई-पुण्याचे. आणि हे काम एकटीनं करण्यातलं नाही.

ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चढणाऱ्याच्या हार्नेसला दोर बांधलेला असतो. तो वरती पक्क्या जागी, म्हणजे अँकरला लावलेल्या कॅराबिनरमधून जातो आणि परत खाली येतो. खाली उभा असलेला जोडीदार तो दोर आपल्या हार्नेसवरच्या एका डिव्हाइसमधून घेत राहतो. याला बिले देणं म्हणतात. वरचा सटकला की खालच्यानं ब्रेकच्या हातानं दोर अडवायचा. तो हात दोरावरून क्षणभरही सुटता कामा नये. तुम्ही कितीही भारी क्लायंबर असा, त्या वेळी तुमचा जीव दुसऱ्याच्या मुठीत असतो.

तर मी ऑनलाइन जोडीदार शोधायला लागले. पहिला भेटला तो रोह्याचा. प्रोफाइल बघून कुणीही भारावेल. लिंगाण्यावरचा फोटो, ड्रोनचे शॉट, हजारो लाइक्स. मेसेज आला, "येतेस का संडेला? सगळं गिअर आहे माझ्याकडे."

घरी सांगितलं तर आईचा पहिला प्रश्न, "कुणाचा गं तो?" आपल्याकडे माणूस असाच ओळखतात ना! गाव कुठलं, घर कुठलं, मामा कोण. तुम्ही हसाल, पण त्या प्रश्नात अक्कल आहे. अनोळखी माणसाबरोबर जंगलात जाताना कुणालातरी त्याचं नाव-गाव माहीत असलंच पाहिजे, आणि मुलींच्या बाबतीत तर नक्कीच. म्हणून मी एक मैत्रीण बरोबर घेतली, त्याचा नंबर घरी दिला, लाइव्ह लोकेशन चालू ठेवलं आणि भेटायचं ठिकाण ठरवलं पेण स्टेशन, सकाळी, भर वर्दळीत.

मुलगा वागायला चांगला होता, हे आधी सांगते. आम्ही गावाबाहेरच्या एका छोट्या कातळावर गेलो. अँकर त्यानं नीट लावला. मी चढायला सुरुवात केली. आठ-दहा फुटांवर गेले आणि खाली बघितलं, तर याच्या एका हातात मोबाईल. माझा व्हिडिओ काढत होता! ब्रेकचा हात त्याच्याच मागे गुंतलेला. मी हळूच उतरले आणि म्हटलं, "आज इथंच थांबूया." तो दुखावला. "विश्वास नाही का माझ्यावर?" मी म्हटलं, "माणूस म्हणून आहे. बिलेसाठी नाही." भांडण नाही, ब्लॉक नाही. दुपारी आम्ही घरी.

त्याच्या त्या प्रश्नावर मी खूप विचार केला. आपण विश्वास म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याचा अर्थ असतो, मला तपासू नकोस. कातळावर तो अर्थ उलटा करावा लागतो.

हे मला शिकवलं दुसऱ्या जोडीदारानं. ती नागोठण्याच्या बाजूची एक ताई, चाळिशीतली. प्रोफाइलवर फोटोसुद्धा नव्हता. तिच्या पहिल्याच मेसेजमध्ये प्रश्नच प्रश्न. शिकलीस कुठे? वजन किती? कुठलं डिव्हाइस वापरतेस? मी वर असताना मला चक्कर आली तर तू काय करशील? वजनाचं मला आधी चमत्कारिक वाटलं. पण त्याला कारण आहे. चढणारा बराच जड असेल, तर तो सटकल्यावर हलका बिलेअर जमिनीवरून उचलला जातो. आधी माहीत असलं की बिलेअरला खाली बांधून घेता येतं.

मग ती म्हणाली, "पहिल्या दिवशी दोर आणूच नकोस. आपण सांकशीला चालत जाऊ." सांकशीचा किल्ला आमच्या पेणजवळच. पायथ्याला बद्रुद्दीनचा दर्गा आहे, वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी. वाट काही ठिकाणी चांगलीच अंगावर येते. आमच्याबरोबर तिचा भाचा होता. दिवसभर ती फक्त बघत होती. मी मागच्यासाठी थांबते का, खाली दगड सुटला तर ओरडून सांगते का, दमले तर दमले म्हणते का. अर्थात मीही तिला बघत होते.

दुसऱ्या दिवशी दोर निघाला. ती जमिनीपासून जेमतेम पाच-सहा फूट वर गेली आणि सांगून, मुद्दाम दोरावर लटकली. एकदा, दोनदा, तीनदा. दोर मी धरलेला, आणि माझ्या हातामागे भाच्याचा हात, बॅकअप म्हणून. मग माझी पाळी. प्रत्येक वेळी चढण्याआधी ती माझी आठाकार गाठ बोटानं चाचपायची, हार्नेसचं बक्कल ओढून बघायची, कॅराबिनरचं लॉक दाबायची. आणि मग स्वतः माझ्यासमोर उभी राहून म्हणायची, "आता माझं तपास." मला ते आवडलं. मोठी असून, जास्त शिकलेली असून!

तुम्हाला वाटेल, हे अनोळखी लोकांसाठी ठीक, ओळखीत कशाला? तर एक खरी घटना सांगते. लिन हिल ही अमेरिकन क्लायंबर, जगातल्या सर्वोत्तमांपैकी एक. 1989 साली फ्रान्समधल्या ब्यू इथे ती वॉर्म-अपसाठी एक सोपा मार्ग चढली. दोर हार्नेसमधून ओवला होता, पण बोलण्याच्या नादात गाठ पूर्ण करायची राहिली, आणि अर्धवट गाठ जॅकेटखाली झाकली गेली. वर पोहोचून ती दोरावर विसावली आणि 70 फुटांहून जास्त खाली कोसळली. झाडाच्या फांद्यांमुळे वाचली. खाली बिले कोण देत होतं? तिचा नवरा. म्हणजे ओळख शंभर टक्के होती. राहिली ती फक्त दोन सेकंदांची तपासणी.

आणि आपला सह्याद्री तर आणखी अवघड. 2020 च्या जानेवारीत अरुण सावंत यांच्यासारखे ज्येष्ठ गिर्यारोहक कोकणकड्यावर आपण गमावले. आपला बेसॉल्ट जागोजागी सुटा असतो. हाताला आलेला दगड आधी ठोकून बघायचा, पोकळ आवाज आला की सोडायचा. हेल्मेट खालच्यानंही घालायचं, कारण दगड त्याच्याच डोक्यावर येतो. कड्यावर आग्या मोहोळ दिसलं की त्या दिवशी बेत रद्द. परफ्यूम, धूर, आरडाओरडा काही नको. आणि पावसाळ्यात ओल्या, शेवाळलेल्या कातळाला हात लावायचा नाही.

मग ऑनलाइन जोडीदार शोधू नका, असं मी म्हणते का? अजिबात नाही. आमच्यासारख्या छोट्या गावांत तोच मार्ग आहे. पण आधी रीतसर शिका. मुंबई-पुण्यातले क्लब कोर्स घेतात, आणि सवड असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा 28 दिवसांचा बेसिक कोर्स आहे. समोरच्याला फोटोंबद्दल विचारू नका, सवयींबद्दल विचारा. पहिली भेट बिनदोराची, दुसरी जमिनीलगतची. आणि समोरचा "आज नको" म्हणाला, तर कारण न मागता उतरा.

गेल्या हिवाळ्यात ताई दोनदा "आज नको" म्हणाली, मी एकदा. त्यातल्या एका दिवशी आम्ही तिच्या वाडीवर पोपटी लावली. वालाच्या शेंगा, अंडी, वर भांबुर्ड्याचा पाला. रविवार फुकट गेला असं कुणालाच वाटलं नाही.

तर मंडळी, तुम्ही जोडीदार कसा पारखता? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू. आणि या रविवारी चढायला जाणार असाल, तर निघण्याआधी ज्याच्याबरोबर जाताय त्याचं नाव आणि नंबर घरी देऊन ठेवा. भेटू लवकरच!