घोडा काय देतो, काय नाही



माझ्या भाच्याला सेरेब्रल पाल्सी आहे. ‘घोड्यावर बसवा, चालायला लागेल’ असं कुणीतरी आपाला सांगितलं. तिने मला विचारलं, “खरंय का रे?” मी कोड लिहिणारा माणूस, आधी आतलं काम कसं चालतं ते बघतो.

घोडा संथ चालतो तेव्हा त्याची पाठ पुढेमागे, वरखाली, डावीउजवीकडे हलते. आपण चालताना आपली कंबर जवळपास तशीच हलते. न चालणाऱ्या मुलाच्या कंबरेला ती हालचाल घोड्यावर मिळते, आणि तोल सावरताना पोटापाठीचे स्नायू कामाला लागतात.

डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला. गुडघ्याखाली पाय लुळे पडले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी घोडेस्वारीत रौप्यपदक जिंकलं. पण घोड्यावर चढायला-उतरायला तेव्हाही मदत लागायचीच.

आपाला हेच सांगितलं. चालण्याची हमी देणाऱ्याला पैसे देऊ नकोस. माथेरानची फेरी म्हणजे उपचार नव्हे. सोबत फिजिओथेरपिस्ट हवा, आधी डॉक्टरांनी खुब्याचा सांधा तपासायला हवा.

आपा जरा गप्प राहिली. मग म्हणाली, “नीट बसता आलं, तरी दस्तरखानावर आमच्यासोबत जेवेल.”

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जातोय.