आईला विचारलेले 26 प्रश्न



दीक्षान्त भाषणात स्वप्नांबद्दल बोलायची रीत आहे. मी एका फॉर्मबद्दल बोलणार आहे. प्रबंधासाठी तुमच्यापैकी अनेकांनी तो भरून घेतला असेल: जागतिक आरोग्य संघटनेची, जीवनाची गुणवत्ता मोजणारी 26 प्रश्नांची प्रश्नावली.

थॅलेसेमियाच्या डे-केअरमध्ये पोराला रक्त चढत असतं. त्यानं नळी ओढू नये म्हणून आईनं त्याचं मनगट मांडीवर धरून ठेवलेलं असतं. तिच्या मोकळ्या हातात आपण पेन देतो आणि विचारतो, गेल्या दोन आठवड्यांत आयुष्याचा आनंद किती घेतलात? ती हसते आणि मधल्या रकान्यावर खूण करते. समोर डॉक्टर आहेत, आणि रक्ताची पुढची पिशवी त्यांच्याच सहीनं मिळायची आहे.

थॅलेसेमिया मेजरच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. रक्त मिळालं की पोर अंगणभर हुंदडतं. पुढची तारीख जवळ आली की चेहरा पांढरा पडतो, जिना चढताना धाप लागते, चिडचिड वाढते आणि घरात रक्तदाते शोधायला फोनाफोनी सुरू होते. आईचे दिवसही त्या हिमोग्लोबिनबरोबर वरखाली होतात. आपण मात्र तिला रक्त चढवण्याच्या दिवशीच गाठतो, कारण त्या दिवशी ती सापडते. निदान रक्त मिळाल्यानंतर कितव्या दिवशी विचारलं, हे तरी फॉर्मवर लिहा. ते न लिहिता काढलेल्या सरासरीवर माझा विश्वास नाही, मग पी-व्हॅल्यू कितीही देखणी असो.

एक प्रश्न लैंगिक आयुष्याबद्दल आहे. शेजारी सासू बसलेली असताना तरुण इंटर्ननं तो विचारायचा! तो बहुधा विचारतच नाही, पान उलटतो. सामाजिक संबंधांच्या गटात मुळात प्रश्नच तीन. त्यातला एक गळला तर उरलं काय? मुलाला घटकाभर कुणाकडे सोपवून, आडोशाला, बाईनं बाईला विचारायची ही गोष्ट आहे. आणि वडील? ते रक्तपेढीच्या खिडकीशी नाहीतर कामावर. त्यांचा फॉर्म कोणी भरत नाही.

चांगल्या गुणांनीही हुरळून जाऊ नका. शरीरात साठलेलं लोह काढायला काही मुलांना अजूनही रात्रभर पोटावर सुई लावून पंपानं औषध द्यावं लागतं. अशा मुलाची आई 'झोप चांगली लागते' यावर खूण करते, तेव्हा ती खोटं बोलत नसते. चांगली झोप कशी असते, हेच ती विसरलेली असते.

आता मुद्द्याचं. गुण कमी आले की आपल्या हातून पहिली चिठ्ठी जाते समुपदेशनाची. पण प्रश्नावलीतला सर्वांत मोठा गट, आठ प्रश्नांचा, परिसराचा आहे: पैसा, घर, प्रवास, माहिती, आरोग्यसेवा, विरंगुळा, सुरक्षितता, आसपासची हवा-गोंगाट. इथे जिचे गुण घसरले तिला 'सकारात्मक राहा' म्हणून सांगणं हा चक्क आगाऊपणा आहे. यातले निम्मे गुण तिचे नाहीतच, आपल्या ओपीडीचे आहेत. रविवारी रक्त चढवलं तर बापाचा रोज बुडत नाही आणि पोराची शाळाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया आहे. उपचारासाठी जाणाऱ्या अशा मुलाच्या एका सोबत्यालाही रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते. हे तिला अर्जासकट समजावून द्यायला कितीसा वेळ लागतो? 26 प्रश्न विचारायला लागतो त्याहून कमीच.

सहा महिन्यांनी तोच फॉर्म घेऊन तुम्ही पुन्हा तिच्याकडे जाल. मधल्या काळात आपण काय बदललं, ते आधी सांगा. काहीच बदललं नसेल तर फॉर्म कपाटातच राहू द्या.

कुलगुरूसाहेब, रविवारच्या डे-केअरसाठी एक डॉक्टर, दोन-तीन परिचारिका आणि रक्तपेढीतला एक तंत्रज्ञ लागेल. त्यांना बदली सुट्टी द्यावी लागेल, तीही कागदावर नको. माणसं समोर बसली आहेत, मंजुरी तेवढी तुमच्याकडून हवी.