विस्कळीत धातूची शिस्त
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गडमुडशिंगीहून गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत पाळीला जाणाऱ्या माणसाला वितळलेले लोखंड नवीन नाही. साच्यात ओतलेला रस सावकाश निवतो. निवताना अणू रांगा धरतात, रांगांचे कण बनतात. म्हणूनच तुटलेल्या कास्टिंगचा काप दाणेदार दिसतो. पण अणूंना रांगा धरायला वेळच दिला नाही तर?

साखरेचे उदाहरण घ्या. पाकातून सावकाश धरते ती खडीसाखर, झटकन गोठते ती लिमलेटची गोळी. साखर एकच, पण एकीत कण आहेत, दुसरी काचेसारखी आहे. 1960 मध्ये अमेरिकेत पोल ड्यूवेझ आणि सहकाऱ्यांनी सोने-सिलिकॉनचा रस सेकंदाला सुमारे दहा लाख अंश इतक्या वेगाने थंड केला आणि धातूची अशी काच मिळवली. तिला अस्फटिकी मिश्रधातू म्हणतात.

आता तिच्या चुंबकत्वाकडे येऊ. कणीदार धातूत चुंबकत्वाला ठरावीक दिशाच सोयीच्या असतात, शिवाय कणांच्या सीमा त्याला अडवतात. शेतात बांधाला पाणी अडावे, तसे. अस्फटिकी धातूत हे बांध नाहीत. चुंबकत्व सहज उलटते. आपल्या डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ते सेकंदाला शंभर वेळा उलटते, गावात एकही दिवा लागलेला नसला तरी. लोह, बोरॉन, सिलिकॉनच्या अस्फटिकी पट्टीचा गाभा वापरला, तर ही रिकामी गळती सुमारे 70 टक्क्यांनी घटते. असा ट्रान्सफॉर्मर घेताना महाग पडतो. पण गळती रात्रंदिवस, वर्षानुवर्षे चालते, हेही हिशेबात धरायला हवे.

ही पट्टी साधारण 25 मायक्रॉन जाडीची असते. तिच्यापेक्षा हजारो पटींनी पातळ, एक-दोन नॅनोमीटरचे थर चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे एकावर एक बसवले, की नवे गुण दिसू लागतात. 1988 मध्ये आल्बेर फेर आणि पीटर ग्रूनबर्ग यांनी लोह-क्रोमियमच्या थरांत ते दाखवले. शेजारच्या लोहथरांचे चुंबकत्व एकाच दिशेला असेल तर वीज सहज वाहते. उलट दिशांना असेल तर तिला विरोध वाढतो. 1997 पासून संगणकाच्या हार्ड डिस्क याच गुणावर माहिती वाचू लागल्या आणि 2007 मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

अडचण अशी, की इतक्या पातळ थरात कणांचे उंचवटेही मधला पडदा फोडू शकतात. अस्फटिकी थर सपाट बसतो. म्हणून आज कोबाल्ट-लोह-बोरॉनचा थर अस्फटिकी अवस्थेतच चढवतात. मग तापवून, शेजारच्या मॅग्नेशियम ऑक्साइडच्या रांगा पाहून, त्याला रांगेत आणतात. आधी विस्कळीतपणा, मग शिस्त.

2010 मध्ये जपानच्या तोहोकू विद्यापीठातील संशोधकांनी असा सुमारे 1.3 नॅनोमीटरचा थर घेतला. एरवी थरात आडवे पडणारे चुंबकत्व त्यात उभे राहिले. कारण थर पाच-सात अणूंचाच असला, की आतल्यापेक्षा पृष्ठभागाचे अणू वरचढ ठरतात. चुंबकत्व उभे राहिले, की माहितीचे कप्पे दाटीने बसवता येतात आणि वीज गेली तरी स्मृती पुसली जात नाही. थर आणखी पातळ केला मात्र, तर उष्णतेची थरथर आणि शेजारच्या थरात मिसळण्याची खोड चुंबकत्वच खाऊन टाकते.

ही मर्यादा मोजणार कशी? न्यूट्रॉन हा स्वतः एक इवलासा चुंबक आहे. 1985 मध्ये सुरू झालेल्या तुर्भे येथील ध्रुव अणुभट्टीतले न्यूट्रॉन थरांवर आपटून परावर्तित करतात आणि कोणत्या खोलीवर किती चुंबकत्व आहे ते ताडतात.

आपल्या शिवाजी विद्यापीठातही पातळ थरांवर अनेक वर्षे काम चालू आहे. फाउंड्रीचा रस रोज पाहणाऱ्या घरातल्या मुलामुलींना हा विषय परका वाटू नये. धातू ओतणे आपल्या हातात आहेच. तो किती वेगाने निववायचा, हा पुढचा धडा आहे.