घरी आलेला नवा पोपट



पोपटाच्या विठू-विठूचे कौतुक आपल्याकडे घरोघरी आहे. परंतु आपल्या रानातील हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमान्वये गुन्हा आहे, हे प्रथम ध्यानी घ्यावे. ढोलीतील पिलू कोणी विकावयास आणल्यास ते न घेता वन खात्यास कळवावे. हौसच असेल, तर पिंजऱ्यातच पैदास झालेला, मूळचा ऑस्ट्रेलियातील बजरीगर पाळावा.

नवा पक्षी भेदरलेला असतो. त्याचा पिंजरा भिंतीलगत, मांजर, कडक ऊन व स्वयंपाकाचा धूर यांपासून दूर ठेवावा. पहिले काही दिवस त्यास हाताळू नये. जवळ बसून हळू आवाजात बोलावे. त्याचे अन्न एकाएकी बदलू नये. राळा, बाजरी, धुतलेला हिरवा पाला व ताजे पाणी रोज द्यावे. चुन्याच्या अंशासाठी समुद्रफेस टांगावा. चहा व चॉकलेट कदापि देऊ नये. घरात आधीचा पक्षी असल्यास नव्यास महिनाभर वेगळे ठेवावे.

पक्षी आपला आजार लपवितो. म्हणून तो पिसे फुलवून तळाशी बसू लागला किंवा त्याचे खाणे सुटले, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. उशीर झाल्यास पुष्कळदा उपचारांचा उपयोग होत नाही.